निराधार अनुदान, विडीची मजुरी आणि महिन्याची बिले यांचा मेळ कसा घालावा?

सुईदोरा (साखर पेठ, सोलापूर)

नमस्कार. मी साखर पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझे पती आजाराने वारले. मुलगा आठवीत आणि मुलगी चौथीत आहे. मी घरी विड्या वळते. अनुदानासाठी अर्ज कसा करावा हे विचारण्यासाठी हा धागा काढलेला नाही, कारण माझे अर्ज झाले आहेत आणि मंजूरही झाले आहेत. माझा प्रश्न त्यापुढचा आहे.

दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असल्यामुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मला महिना १,५०० रुपये मंजूर आहेत. बाल संगोपन योजनेतून दोन्ही मुलांचे प्रत्येकी २,२५० असे ४,५०० रुपये आहेत. विडीची मजुरी आठवड्याला साधारण ७०० रुपये पडते. पाने फाटकी आली किंवा छाट (नापास केलेल्या विड्या) जास्त निघाली तर त्याहूनही कमी. कागदावर बेरीज केली की महिन्याचे ८,८०० होतात, आणि ज्यांना मी हा आकडा सांगते ते "मग अडचण कशाची?" असे विचारतात. अडचण अशी की हा आकडा आजवर कोणत्याही एका महिन्यात माझ्या हातात आलेला नाही. मजुरी तेवढी आठवड्याला येते. अनुदान कधी दोन महिन्यांचे एकदम येते, कधी चार महिन्यांचे, आणि मुलांचे पैसे तर आले की मगच कळतात.

बिले मात्र थांबत नाहीत. ५ तारखेला २,२०० रुपये भाडे द्यावे लागते. विजेसाठी घरमालकांनी आम्हा तीन भाडेकरूंना उपमीटर बसवून दिले आहेत आणि युनिटला १२ रुपये घेतात. गॅस आहे, दूध आहे, कोपऱ्यावरच्या दुकानाची उधारी आहे. मोबाईलचे रिचार्ज २८ दिवसांचे असते, म्हणजे वर्षात १२ नव्हे तर १३ वेळा भरावे लागते, हे मला हिशेब मांडायला बसल्यावरच लक्षात आले. शिवाय पतींच्या आजारपणात घेतलेल्या गटकर्जाचा ३१० रुपयांचा आठवड्याचा हप्ता आता संपत आला आहे. शिधापत्रिकेवर तिघांचे मिळून १५ किलो धान्य फुकट मिळते, म्हणून पोटाची मोठी काळजी नाही. पण भाकरीची ज्वारी, तेल, डाळ आणि तिखटमीठ विकतच घ्यावे लागते.

मागच्या वेळी मुलांचे पैसे आले तेव्हा मी कात्रीने पाने कापत बसले होते. मोबाईल वाजला, आकडा पाहिला आणि मी पानांची टोपली तशीच बाजूला सारली. त्या संध्याकाळी घरात मटण झाले, दुसऱ्या दिवशी मुलाला बूट आले, एका नणंदेचे उसने फिटले, आणि बाराव्या दिवशी घरमालक भाड्याला आले तेव्हा माझ्याजवळ ९४० रुपये होते. मी उधळपट्टी केली असे मला वाटत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट चार महिने खोळंबलेली होती. तरीही कुठेतरी चुकते आहे. असे तुकड्यातुकड्याने येणारे पैसे तुम्ही कसे लावता, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली तर कोणते बिल आधी आणि कोणते मागे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

अक्कलकोटरोड

ताई, मी परित्यक्ता म्हणून याच निराधार योजनेत सहा वर्षे आहे. तुमचे मटण आणि बूट वाचून हसू आले नाही, कारण माझीही पहिली दोन वर्षे अशीच गेली.

मला एका वृद्ध शेजारणीने जे सांगितले तेच तुम्हाला सांगते. अनुदानाला उत्पन्न म्हणू नका, येणे म्हणा. भाऊबंदांकडे अडकलेले पैसे जसे आपण येणे धरतो, ते येणार हे ठाऊक असते पण त्यांच्या भरवशावर दुकानदाराला तारीख देत नाही, तसेच हेही. मला न्यायालयाने पोटगी मंजूर केली आहे आणि ती सहा महिन्यांतून एकदा, तीही वॉरंट निघाल्यावर मिळते. ती सुद्धा माझ्या वहीत येण्याच्याच पानावर आहे. (ज्यांचा पोटगीचा अर्ज अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी जाता जाता सांगते की विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मला हे एक वर्ष उशिरा कळले, तोवर एका वकिलांना ६,००० रुपये देऊन झाले होते.)

तारखेची बिले तारखेच्या पैशांतून भागवावीत. मजुरी आठवड्याची आहे, म्हणून मी भाड्याचेही चार भाग करते आणि मजुरी मिळाल्याच्या संध्याकाळी एक भाग चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकते. डबा मी फळीवर ठेवत नाही, पिठाच्या डब्यात पुरते, कारण पीठ झटकत हात घालायचा कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याने माझे भाडे वाचवले आहे.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. आता अनुदान थेट खात्यात येते, पण ते आपण अर्जात लिहिलेल्या खात्यातच येते असे नाही, तर ज्या खात्याला आधार जोडलेला आहे त्यात येते. मी चार महिने "पैसे आले नाहीत" म्हणून हेलपाटे घातले, आणि पैसे दुसऱ्या एका बँकेतल्या माझ्याच जुन्या जनधन खात्यात व्यवस्थित पडून होते.

सुईदोरा

खात्याचे आजच पाहते. डब्याची युक्ती आवडली, पण ताई, माझा हिशेब पाहा. भाड्याचे चार भाग म्हणजे आठवड्याला ५५०. मजुरी ७००. हप्ता ३१०. डब्यात टाकून हप्ता दिला की मी १६० रुपयांनी तोट्यात जाते. तुमची मजुरी माझ्यापेक्षा जास्त असावी.

अक्कलकोटरोड

खरे आहे. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, माझी मजुरी तुमच्या दुपटीहून थोडी अधिक आहे, आणि लेक एकच आहे. हे आधी लिहायला हवे होते. तरी येणे हे येणेच, यावर मी ठाम आहे.

हिशेबनीस

मी पतसंस्थेच्या नोकरीतून निवृत्त झालो. माझ्या हाताखालून मजुरी करणाऱ्या शेकडो कुटुंबांची खाती गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लांबल्यास क्षमा असावी.

अक्कलकोटरोड ताईंचे तत्त्व बरोबर आहे, पण ज्यांची मजुरीच भाड्याएवढी आहे त्यांना ते उलटे लावावे लागते. सुईदोरा ताई, तुमच्या आठवड्याच्या मजुरीवर स्वयंपाकघर, वीज आणि तो संपत आलेला हप्ता एवढेच सोपवा. भाडे मजुरीवर टाकूच नका. भाडे एकरकमी अनुदानावर टाका, तेही आलेल्या महिन्याचे नव्हे तर पुढच्या महिन्यांचे. म्हणजे मुलांचे पैसे आले की त्यातून पहिले काम पुढच्या तीन महिन्यांचे भाडे, ६,६०० रुपये, बाजूला काढणे. बूट त्यानंतर. ही रक्कम ज्या खात्यात अनुदान येते त्यात ठेवू नका. पोस्टात बचत खाते काढा, किमान शिल्लक ५०० रुपये लागते, आणि त्याचे कार्ड घेऊच नका. पैसे काढायला रांगेत उभे राहावे लागले की माणूस दोनदा विचार करतो. पिठातल्या डब्याचे आणि पोस्टाच्या रांगेचे काम एकच आहे.

आता आधी काय आणि मागे काय. पतसंस्थेत थकबाकीदारांशी बोलताना मी पाहिले की लोक जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देतात. गटकर्जाचा वसुली करणारा दारात उभा राहतो म्हणून त्याला आधी, आणि वीजबिल नुसते दाराच्या फटीतून येते म्हणून ते मागे. ओरडण्याचा आणि नुकसानीचा काही संबंध नसतो. उशीर केल्याने उद्या काय जास्त भरावे लागेल, हे विचारून क्रम लावावा. भाडे चुकले तर छप्पर जाते. विजेचे बिल चुकले तर २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, पण विलंब आकार आणि पुन्हा जोडणीचा खर्च आपल्याच माथी बसतो. आणि उपमीटरवाल्यांना तर ही नोटीस मिळतच नाही, कारण ग्राहक घरमालक असतो. दुकानाच्या उधारीला व्याज लिहिलेले नसते, तरी ती सर्वांत महाग पडते असे माझे मत आहे: उधारीवाला गिऱ्हाईक भाव विचारत नाही, पावशेर-पावशेर घेतो आणि दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही.

गटकर्जाबद्दलही सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांचे नियम नव्याने केले. त्यांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, वसुली ठरलेल्या जागी व्हावी आणि तिथे कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी यावे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड घेता येत नाही. तुमचे सहा-सात हप्तेच उरले असतील तर पुढचे अनुदान येताच ते एकदम फेडून टाका. आठवड्याला ३१० रुपये मोकळे होणे म्हणजे मजुरी जवळजवळ दीडपट होणे आहे.

शेवटची गोष्ट बिलांची नाही, पण विधवा भगिनींना मी ती नेहमी विचारतो. पतींचे जुने पासबुक काढा आणि प्रत्येक वर्षाच्या मे महिन्याच्या अखेरीची नोंद पाहा. तिथे ४३६ रुपये, किंवा जून २०२२ पूर्वीचे असेल तर ३३० रुपये कापलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची रक्कम असते आणि १ जून ते ३१ मे या काळात मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये (पूर्वी १२) कापलेले असतील तर तो अपघात विमा. खाते उघडताना कोणीतरी अर्जावर अंगठा घेतलेला असतो आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. पती कुठे पगारी कामाला असतील आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर विधवा निवृत्तिवेतनही पाहावे. त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे.

एक_बाप

काकांचे भाड्याचे म्हणणे पटले, पण त्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. मी यंत्रमागावर रात्रपाळी करतो. पत्नी गेल्यावर तीन महिन्यांचे भाडे घरमालकांना आगाऊ दिले, पावती मागायला लाज वाटली. दोन महिन्यांनी त्यांनी ती रक्कम अनामत म्हणून धरली आणि भाडे पुन्हा मागितले. तेव्हा ताई, पैसे बाजूला ठेवा, पण पोस्टात ठेवा, घरमालकाकडे नको. आणि द्यायचेच झाले तर वहीत त्यांची सही घ्या.

मी कमावता विधुर असल्यामुळे मला निराधार अनुदान नाही आणि पुरुष असल्यामुळे लाडकी बहीणही नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण माझ्यासारखे जे असतील त्यांना सांगावेसे वाटते की बाल संगोपन योजना मुलांसाठी आहे, त्यामुळे आई गेली असो की वडील, अर्ज करता येतो. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात कागद द्यावे लागतात आणि बाल कल्याण समितीचा आदेश होतो. मला वर्षभर वाटत होते की हे फक्त विधवांसाठी असते, आणि कोणी सांगितलेही नाही. शिधापत्रिकेचेही तसेच. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या स्त्रीचे नाव लागते, आणि पत्नी गेल्यावर पत्रिकाच बंद होईल की काय अशी मला धास्ती होती. तसे होत नाही. मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत वडिलांचे नाव प्रमुख म्हणून राहते. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. चार वर्षांनी ती माझी कुटुंबप्रमुख होणार, असे ती मला आतापासून ऐकवते.

आमच्या घरातले सर्वांत अवघड बिल वीज किंवा भाडे नाही, ते बाहेरच्या खाण्याचे आहे. रात्रपाळीहून आल्यावर भाकरी थापायचे अंगात राहत नाही आणि मुले वडापाव आणतात. तिघांचे रोजचे ६० रुपये म्हणजे महिन्याचे १,८००. कोणत्याही बिलावर छापून येत नाही म्हणून ते मला दोन वर्षे दिसले नाही. आता मी रविवारी कडक भाकऱ्या करून ठेवतो. त्या आठवडाभर टिकतात आणि शेंगाचटणीबरोबर मुले कुरकुर न करता खातात. पहिल्या खेपेला माझ्या भाकऱ्यांचा आकार कर्नाटकच्या नकाशासारखा होता.

कुंभारीकर

सर्वांनी भाड्यावर लिहिले, मी विजेवर लिहितो, कारण सुईदोरा ताईंचे १२ रुपये युनिट वाचून मला राहवेना.

घरगुती विजेचा दर टप्प्यांचा असतो. पहिल्या १०० युनिटांना कमी दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि त्यापुढे आणखी वाढता. शंभराची रेषा ओलांडली म्हणजे सगळी युनिटे महाग होतात असा अनेकांचा समज आहे. तसे नाही, रेषेपलीकडचीच महाग होतात. तरी ती रेषा महत्त्वाची आहे. आता तुमच्या वाड्यात काय होते ते पाहा. तीन भाडेकरू आणि मालक अशा चार घरांचा वापर एकाच मुख्य मीटरवर जमा होतो, त्यामुळे तो सहज ३०० च्या पुढे जातो आणि मालकांनाच वरच्या टप्प्याचा दर बसतो. तुम्ही ८० युनिटेच वापरलीत तरी तुमच्या काटकसरीचा लाभ तुम्हाला मिळत नाही, कारण पहिल्या शंभराची सवलत चौघांत एकदाच मिळते. मालक लुबाडतात असे मी म्हणत नाही. त्यांच्याही खिशातून जात असेल.

यावर उपाय स्वतंत्र मीटरचा. वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात मालक किंवा भोगवटादार यांच्यापैकी कोणीही अर्ज करावा असे आहे, म्हणजे भाडेकरूलाही अर्ज करता येतो. व्यवहारात मालकांचे संमतिपत्र असले की काम सोपे होते, म्हणून भांडून न करता समजावून करावे.

दुसरे पंख्याचे. माझ्याकडे वायरिंगचे काम असते, म्हणून हा हिशेब मी तोंडपाठ सांगतो. जुना पंखा ७५ वॅटचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन पंखे रोज १६ तास चालले तर महिन्याला ७२ युनिटे होतात. तीन एलईडी नळ्या पाच तास म्हणजे ९, आणि टीव्ही ५ धरा. झाली ८६. एप्रिलमध्ये १५० वॅटचा कूलर रात्री आठ तास लावला की आणखी ३६, म्हणजे १२२, रेषेच्या पलीकडे. आता तेच दोन पंखे बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारे, ३० वॅटचे घेतले तर ७२ ऐवजी २९ युनिटे लागतात आणि कूलरसकट बेरीज ७९ वर येते. पंखा २,५०० ते ३,००० रुपयांना मिळतो. ताई, तुमच्या १२ रुपयांच्या दराने एका पंख्यामागे महिन्याला साधारण २१ युनिटे, म्हणजे २५० रुपये वाचतात. बाराही महिने असाच चालला तर वर्षभरात पंखा फिटतो. आणि तो तुमचा असतो, खोली सोडताना काढून नेता येतो. मी सोलापूरजवळच्या कुंभारीला स्वतःच्या घरी राहायला गेलो तेव्हा जुन्या भाड्याच्या खोलीतून असाच पंखा उतरवून आणला, मालकीणबाई पाहतच राहिल्या.

अक्कलकोटरोड

कुंभारीकर दादा, स्वतःचे घर आणि स्वतःचे मीटर असणाऱ्याला बोलणे सोपे जाते. तुमच्याकडून शहरात कामाला येण्याजाण्याचे भाडे महिन्याला किती होते तेही लिहा.

कुंभारीकर

लिहितो. आम्हा दोघांचे मिळून १,९०० च्या आसपास. भाडे वाचले त्यातला मोठा भाग रस्त्यावर जातो, हे कबूल. पण १,९०० रुपये काम असेल त्याच दिवशी जातात. भाडे कामबंदीतही द्यावे लागते.

हिशेबनीस

गॅसचे कोणी लिहिले नाही. जोडणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा. उज्ज्वलाची असेल तर प्रत्येक सिलिंडरमागे ३०० रुपयांचे अनुदान आहे, त्याला वर्षाच्या सिलिंडरांची मर्यादा आहे. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरांची रक्कम परत मिळते, पण जोडणी स्त्रीच्या नावावर लागते. पतींच्या नावावरची जोडणी मृत्यूच्या दाखल्यावर बदलून घेता येते. अनेक घरांत ती वर्षानुवर्षे तशीच राहते. तसेच विडी कामगाराचे ओळखपत्र असेल तर मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावा. चौथीला १,००० आणि आठवीला १,५०० रुपये आहेत. फार नाहीत, पण वह्यांचे बिल त्यात बसते.

सुईदोरा

सर्वांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काय झाले ते सांगण्यासारखे काही हातात यावे असे वाटत होते.

काका, पासबुक काढले. ते ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली होते. मे २०२१ ला ३३० रुपये कापलेले आहेत. मे २०२२ ला काही नाही. त्या दिवशी खात्यात २११ रुपये शिल्लक होते. पती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. मी तरीही बँकेत जाऊन विचारले. तिथल्या मुलाने संगणकावर पाहिले, मग पासबुकातल्या त्या ओळीवर पेन टेकवून काही वेळ गप्प बसला आणि "रक्कम कमी होती, मावशी" एवढेच म्हणाला. मी त्याच काउंटरवर माझ्या नावाचा त्या विम्याचा फॉर्म भरून आले. आता दर मे महिन्यात माझ्या खात्यात ४३६ रुपये असतील एवढे मी पाहीन.

आधार माझ्या चालू खात्यालाच जोडलेला निघाला, तिथे घोळ नव्हता. गॅसची जोडणी मात्र अजून पतींच्याच नावावर होती. बदलायला दिली आहे. शिष्यवृत्तीसाठी विडी कामगाराचे ओळखपत्र कारखान्यातून नवीन करून घ्यायचे आहे, जुन्यावरचा फोटो पुसला आहे.

गेल्या आठवड्यात मुलांचे चार महिन्यांचे १८,००० रुपये आले. यावेळी मी तासभर कोणालाच सांगितले नाही, हातातली पाने कापून संपवली. मग वही घेऊन बसले. ६,६०० भाड्याचे पोस्टात. ४,८५० रुपये उधारीचे. दुकानदारांनी माझ्या पानावर तिरकी रेघ मारली, आणि मी तिथेच उभी राहून रोखीने पाच लिटर तेलाचा भाव विचारला तर त्यांनी न मागता ३० रुपये कमी केले. हप्ते सहा राहिले होते, त्यांचे १,८६० भरून टाकले आणि खाते बंद झाल्याचा कागद मागून घेतला. तो द्यायला त्यांनी तीन दिवस लावले. कुंभारीकर दादांचा पंखा २,७५० ला एकच आणला, मुले ज्या खोलीत झोपतात तिथे. उरलेल्या १,९४० मधून वह्या, मुलीचा गणवेश आणि, हो, अर्धा किलो मटण.

स्वतंत्र मीटरचे घरमालकांशी बोलले. ते म्हणाले की तिघांनी मिळून विचारा, एकटीला देऊन बाकीच्यांना काय सांगू. त्यात तथ्य आहे. शेजारच्या खोलीतल्या वहिनी तयार आहेत, त्यांच्या पलीकडचे कुटुंब दिवाळीत गावी परत जाणार की इथेच राहणार ते ठरलेले नाही. त्यांचे ठरले की तिघांचा एकच अर्ज लिहायचा आहे. एक_बाप दादा, तुमच्या सांगण्यावरून या महिन्याच्या भाड्याला मी वहीत सही मागितली. घरमालकांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग चष्मा आणायला आत गेले आणि सही करून खाली तारीखही घातली.